प्लंबरचं ‘राज्याचं’ लायसन्स कुठं निघतं? सेलूकडच्या भावाला सविस्तर उत्तर

सेलूकडच्या एका पोरानं प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: वय २६, दहावी गणितात राहिली ती राहिलीच, शाळा सुटल्यापासून मेस्त्रीच्या हाताखाली फिटिंगचं काम, परभणी आणि संभाजीनगरला अपार्टमेंटच्या साइटी केल्यात, आता स्वतःच्या नावावर काम धरायचंय. त्यासाठी राज्य पातळीचं प्लंबिंग लायसन्स पाहिजे, तर परीक्षा कोणती, ऑफिस कुठं, खर्च किती, लायसन्सनं कमाई किती वाढते? ऑफिसात चकरा मारायला लावतेत, त्याचं काय? आणि एक जण ‘ऑल महाराष्ट्र लायसन्स’ पंधरा हजारात घरपोच देतो म्हणतोय, घेऊ का?

पंधरा हजार देऊ नको. बाकीचं सावकाश सांगतो. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

सगळ्या महाराष्ट्रात चालेल असं प्लंबरचं एक लायसन्स आपल्याकडं नाहीच. परवाना देते ती ज्या त्या गावची महानगरपालिका नाहीतर नगरपरिषद. महानगरपालिकांना तो अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात दिलाय, नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या त्यांच्या कायद्याखाली चालतात. कारण पण सरळ आहे. रस्त्याखालची पाण्याची लाइन आणि ड्रेनेज ही त्या संस्थेची मालमत्ता, तिला भोक कोण पाडणार आणि त्याची जबाबदारी कोणावर टाकायची हे तीच ठरवणार. म्हणून लातूर मनपाचं लायसन्स नांदेडात दाखवलं तर क्लार्क म्हणणार, चांगलं आहे, पण आमचं आणा. त्यामुळं तुला जो कागद पंधरा हजारात मिळणार होता तो कुठल्यातरी संस्थेचा रंगीत छापलेला दाखला असणार, सोनेरी शिक्क्यासकट. असले कागद मी लै बघितलेत, पोरं लॅमिनेशन करून घेऊन येतेत. त्याच्यावर नळजोडणीच्या अर्जावर सही चालत नाही.

हा गोंधळ तुझ्या एकट्याचा नाही. त्याचं पहिलं कारण वायरमन मंडळी. त्यांचं लायसन्स खरंच राज्याचं असतंय, विद्युत निरीक्षकाच्या यंत्रणेतलं अनुज्ञापक मंडळ ते देतं, सगळे त्याला ‘पीडब्ल्यूडी लायसन्स’ म्हणतेत. साइटवर वायरमन आणि प्लंबर बाजूबाजूला काम करतेत, मग प्लंबरला वाटतंय आपलं पण तसंच असणार. दुसरं कारण मोबाइल. तिकडं अमेरिकेत अप्रेंटिस, मग जर्नीमन, मग मास्टर प्लंबर अशा पायऱ्या असतेत आणि बऱ्याच राज्यांत लायसन्स राज्याचं मंडळच देतं. टेक्सासमध्ये तर प्लंबिंगच्या परीक्षेसाठी वेगळं राज्य मंडळच आहे आणि जर्नीमनच्या परीक्षेला बसायला ८,००० तास कामाचा अनुभव दाखवावा लागतो. ते व्हिडिओ बघून आपली पोरं ‘स्टेट लायसन्स’ शोधायला लागतेत. गंमत म्हणजे तिथंही सगळीकडं एकसारखं नाही, न्यूयॉर्कमध्ये राज्य प्लंबरला लायसन्स देत नाही, शहरं देतेत, म्हणजे आपल्या परभणीसारखंच.

आता खरा प्रश्न. लायसन्स तुला कशासाठी पाहिजे? हे तू लिहिलं नाहीस आणि सगळं उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

घरातलं, फ्लॅटमधलं फिटिंग करायचं असेल, बाथरूम, किचन, टाकीपासून खालच्या लाइनी, सोलर, गीझर, तर आपल्याकडं मालक लायसन्स विचारत नाही. तो शेजाऱ्याकडं केलेलं काम बघतो आणि रेट विचारतो. तिथं नाव चालतंय. लायसन्स लागतं ते घराच्या बाहेर. मनपाच्या मेन लाइनवरून नवीन नळजोडणी, जोडणीचा आकार वाढवणं, बंद केलेली जोडणी परत सुरू करणं, ड्रेनेज मनपाच्या चेंबरला जोडणं, अशा अर्जावर आणि नकाशावर परवानाधारक प्लंबरची सही मागतेत. मोठ्या बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी प्लंबिंग आणि ड्रेनेज पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, त्याच्यावर पण. बिल्डर तुला साइट देताना ‘लायसन्स आहे का’ म्हणतो तो या सहीसाठी.

सरकारी टेंडर घ्यायचं असेल तर तो रस्ता निराळा. तिथं गुत्तेदार म्हणून नोंदणी, पॅन, जीएसटी, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले हे सगळं येतं आणि प्लंबर परवाना हा त्यातला एक कागद झाला. कंपनीत किंवा आखाती देशात नोकरीला जायचं असेल तर मनपाचा परवाना कुणी बघत नाही, तिथं ट्रेडचं सर्टिफिकेट आणि हाताची टेस्ट. म्हणजे ‘राज्य पातळीचा’ किंवा त्याहून मोठा कागद तुला पाहिजेच असेल तर तो लायसन्स नाही, आयटीआयचं सर्टिफिकेट आहे. ते देशभर चालतं.

तू सेलूकडचा. सेलूला नगरपरिषद आहे, काम तू करतोस परभणीला आणि संभाजीनगरला. तेव्हा आधी ठरव, पुढची पाच वर्षं तुझं बूड कुठं राहणार? जिथं राहणार तिथलं लायसन्स काढ. तीन ठिकाणचं काढता येतं का? नियमात बसत असेल तर येतं, पण प्रत्येक ठिकाणी फी, अनामत आणि नूतनीकरण, आणि अर्ज टाकला की कनिष्ठ अभियंत्याच्या मागं पळायला तूच. माझं मत विचारशील तर परभणीचं आधी कर. घरापासून जवळ, आणि संभाजीनगरला बिल्डरांकडं आधीच त्यांच्या ठरलेल्या सह्या आहेत, तिथं नव्या माणसाला घुसायला वेळ लागतो.

प्रक्रिया कुठल्याही गावात सुरू होते पाणीपुरवठा विभागात. काही ठिकाणी ड्रेनेजची फाइल नगररचनेकडं किंवा बांधकाम विभागाकडं असते, पण प्लंबरचा परवाना बहुतेक पाणीपुरवठ्याकडंच. तिथं जाऊन ‘लायसन्स काढायचंय’ एवढंच म्हणू नको, ‘प्लंबर परवान्याचा विहित नमुना आणि अटींचा कागद द्या’ म्हण. अटी गावागावात बदलतेत. कुठं आयटीआय प्लंबर किंवा स्थापत्य डिप्लोमाच लागतो, कुठं अनुभवावर भागतं, कुठं तोंडी परीक्षा घेतेत, कुठं नुसती कागदपत्रं तपासतेत. फी आणि अनामत तर ठरावानुसार बदलते म्हणून मी आकडा सांगत नाही, सांगितलेला आकडा तिथं गेल्यावर खोटा ठरणार. साधारण जमवून ठेवायचं ते असं: शाळा सोडल्याचा दाखला, ट्रेडचं सर्टिफिकेट, अनुभवाचा दाखला, आधार, पॅन, राहण्याचा पुरावा, फोटो, आणि घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला. या शेवटच्या कागदावर लै जणांची फाइल अडकते. घर वडिलांच्या नावावर, नऊ वर्षांची पाणीपट्टी थकलेली, आणि लेकरू निघालंय पाणीपुरवठ्याचं लायसन्स काढायला. आधी ते भरून टाक.

अनुभवाच्या दाखल्यावर जरा थांबतो. ‘सदर इसम माझ्याकडे सन अमुक पासून काम करतो’ एवढ्या दोन ओळींचा कागद मेस्त्री कुणालाही देतो आणि अभियंत्याला ते माहीत असतंय. दाखला परवानाधारक प्लंबरच्या, आर्किटेक्टच्या किंवा नोंदणीकृत गुत्तेदाराच्या लेटरहेडवर घे आणि त्यात कामं लिहून घे. कोणती बिल्डिंग, किती मजले, किती फ्लॅट, कोणत्या साली, त्यात तू काय केलंस, सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणाऱ्या पाइपाच्या) लाइनी का एसडब्ल्यूआरचे (सांडपाण्याच्या पाइपाचे) उभे स्टॅक का बाहेरचे चेंबर. आजपासून एक वही कर, साइटचे फोटो काढ, फोटोत भिंत बंद व्हायच्या आधीची लाइन दिसली पाहिजे. प्लास्टर झाल्यावर सगळ्यांचं काम सारखंच दिसतं.

आता आयटीआय. दहावी नापासला आयटीआय मिळत नाही असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, ते चूक आहे. प्लंबर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि वेल्डर, वायरमन, सुतारकामाच्या रांगेतला, दहावी नापास मुलांनाही ज्यात घेतेत अशातला. यंदाची अट प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत बघून घे. वयाची वरची मर्यादा नाही, कमीत कमी १४ पूर्ण पाहिजे. फॉर्म व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर दहावीच्या निकालानंतर भरायचे असतेत, शासकीय आयटीआयची फी परवडणारी असते. खासगीत जाणार असशील तर संलग्नता खरी आहे का ते आधी तपास.

पण तुला वर्षभर रोज वर्गात बसणं जमणार आहे का? घरी कमावणारा तू एकटा असशील तर वर्षाची मजुरी बुडते, ते नुकसान फीपेक्षा कितीतरी मोठं. म्हणून अनुभवी कामगारासाठी दुसरी वाट आहे, ती म्हणजे खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला बसायचं. त्याला अनुभवाचा पुरावा लागतो, म्हणून परत ती वही आणि तो दाखला. जवळच्या शासकीय आयटीआयत जाऊन परीक्षेचं काम बघणाऱ्या निदेशकाला भेट, खिडकीवरच्या माणसाला विचारून परत येऊ नको. थिअरीचं वर्कशॉप कॅल्क्युलेशन तुला जड जाईल, गणितात राहिलास म्हणून सांगतोय, पण हे गणित तू रोज साइटवर करतोसच, फक्त कागदावर मांडायचं शिक.

आणखी एक छोटा पर्याय आहे, आधीच्या कामाला मान्यता देणारा, त्याला आरपीएल म्हणतेत. थोडं प्रशिक्षण, एक मूल्यमापन, मग प्लंबिंग स्किल कौन्सिलचं सर्टिफिकेट. कंपनीत उपयोगी पडतं, पण मनपा ते आयटीआयच्या जागी धरेल का हे त्या गावच्या अटीवर. आधी विचार, मग कर. वय कमी असतं तर मी अप्रेंटिसशिप सांगितली असती, १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतन मिळून शिकता येतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र, पण नऊ-दहा वर्षं काम केलेल्या माणसाला विद्यावेतनावर बसवणं बरोबर नाही.

जिथं तोंडी घेतेत तिथं काय विचारतेत? पुस्तकातलं फार नाही. माझ्याबरोबर आत गेलेल्या पोरांना आणि मला जे विचारलं गेलं त्यावरून सांगतो. चार इंची ड्रेनेजला ढाळ किती? चाळीसाला एक. म्हणजे वीस फुटाला सहा इंच. उत्तर येतंय, पण पुढचा प्रश्न येतो, जास्त दिला तर काय बिघडलं? तिथं बरेच जण गप्प बसतेत. ढाळ फार झाला की पाणी पुढं पळून जातं आणि घाण मागं राहते, लाइन चोक होते. गली ट्रॅप आणि नहाणी ट्रॅपमध्ये फरक काय, वेंट पाइप कशाला, सीपीव्हीसी सोडून गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी का चालत नाही, टेस्टिंग किती प्रेशरला करता आणि किती वेळ पंप धरून बसता. आयएसआय मार्कवर पण विचारतेत, सीपीव्हीसीला आयएस १५७७८, साध्या यूपीव्हीसीला आयएस ४९८५, सांडपाण्याच्या पाइपाला आयएस १३५९२. हे पाठ करायला दुकानात जायची गरज नाही, पाइपावरच छापलेलं असतंय, आपण वाचत नाही.

आपल्या भागातला हमखास प्रश्न साठवणुकीचा. पाच माणसांचं घर, नळाला पाच दिवसांनी पाणी, हौद केवढा बांधणार? माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाच माणसांचे ६७५, पाच दिवसांचे ३,३७५ लिटर. पाच बाय पाच बाय पाच फुटाचा हौद आतून मोजला तर साडेतीन हजार लिटरच्या आसपास जातो, पण काठोकाठ कुणी भरत नाही, वर हवेची जागा सोडावी लागते, म्हणून खोली थोडी वाढवायची किंवा वरच्या टाकीचं पाणी हिशोबात धरायचं. हे असं बोलत बोलत मांडता आलं की समोरचा अभियंता वही मिटतो. पुण्या-मुंबईच्या प्लंबरला हा प्रश्न पडत नाही, आपल्याकडं जायकवाडी भरलेलं असलं तरी नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे विचारूनच हौद खोदावा लागतो, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर ज्यानं बघितलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

दुसरा हमखास प्रश्न: बोअरची लाइन आणि नळाची लाइन एकत्र जोडली तर? मालक सांगतेत जोडा म्हणून, मधी एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाका म्हणून. उत्तर सरळ ‘जोडणार नाही’. एनआरव्हीत कचरा अडकला की ते उघडंच राहतं आणि बोअरचं खारं पाणी मनपाच्या लाइनीत. दोन्ही पाणी वेगवेगळ्या तोंडानं टाकीत वरून पडलं पाहिजे, मधी हवेचं अंतर ठेवून. तिथं जो ‘मालक म्हणेल तसं’ असं बोलतो त्याची फाइल बाजूला जाते, आणि बरोबर जाते.

ऑफिसात चकरा मारायला लावतेत, हे तू लिहिलंस ते खोटं नाही. एका मनपात माझी नूतनीकरणाची फाइल पूर्ण कागदांसकट साहेबांच्या टेबलावर नुसती पडून होती, विचारलं की ‘मीटिंगमध्ये आहेत’. त्याच्यावर उपाय आहे आणि तो लै कमी जणांना माहीत आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. त्यात नगरपालिका-महानगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याच्या सेवांची यादी अधिसूचित आहे, नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, थकबाकी नसल्याचा दाखला, आणि त्याच यादीत ‘प्लंबर परवाना’ आणि ‘प्लंबर परवाना नूतनीकरण’ पण आहे. किती दिवसांत द्यायचा, कोण देणार, अपील कोणाकडं, हे ऑफिसात बोर्डावर लावायचं असतं. वेबसाइटवर पण असतं. दिवस मोजायचे ते परिपूर्ण अर्ज दिल्यापासून, म्हणून अपुरा अर्ज देऊन वाद घालू नको. पूर्ण अर्ज दे, पोच घे, पोचवर तारीख आणि शिक्का बघ, शक्यतो ऑनलाइनच टाक. मुदत टळली की पहिलं अपील, नंतर दुसरं, आणि तरी नाही झालं तर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मी अपील टाकलं नव्हतं, अपिलाचा नमुना कुठं मिळतो एवढंच विचारलं होतं, फाइल हलली. भांडण करायचं नाही, पण तुला कायदा माहीत आहे हे त्यांना कळू दे.

लायसन्स हातात आल्यावरचं बोलतो, कारण खरी गोची तिथून पुढं. बाजारात सही भाड्यानं मिळते. ज्याच्याकडं लायसन्स आहे तो फॉर्मवर सही करून पैसे घेतो आणि काम भलताच करतो, सही करणारा साइट बघत सुद्धा नाही. तुला पण पहिल्याच महिन्यात कुणीतरी येऊन म्हणणार, भाऊ फक्त सही, फॉर्ममागं इतके देतो. करू नको. पुढं लाइन फुटली, शेजाऱ्याच्या नळाला गटाराचं पाणी आलं, अनधिकृत जोडण्यांची तपासणी लागली, की नोटीस सहीवाल्याला येते. मालक हात वर करतो, काम करणारा फोन बंद करतो.

आणि गटाराचं पाणी नळाला येतं कसं हे तू बघितलेलंच असशील. गल्लीत पाणी येतं दोन तास, नंतर लाइन रिकामी. आपल्याकडच्या जोडण्या निम्म्या तरी नालीतून किंवा नालीखालून नेलेल्या. रिकाम्या लाइनीत आतून दाब नसतो, जॉइंटला बारीक चीर असली की बाहेरची घाण आत शिरते, पाणी सुटलं की पहिल्यांदा तीच घरात येते. त्यात एखाद्यानं नळाला डायरेक्ट टिल्लू मोटार (पाणी ओढायचा छोटा पंप) लावलेली असली की ती शेजाऱ्याच्या फुटक्या जॉइंटमधून सुद्धा घाण ओढते. म्हणून जोडणीच्या दिवशी मी स्वतः खड्ड्यापाशी उभा राहतो, कितीही ऊन असू दे. मेन लाइन खालून मोकळी करायची, पाइप फडक्यानं पुसायचा, सॅडलचं (जोडणीसाठी मेन लाइनीवर आवळायच्या पट्ट्याचं) रबर पालथं तर नाही ना बघायचं, दोन्ही बाजूचे बोल्ट आलटून पालटून आवळायचे, एकाच बाजूनं आवळले की सॅडल तिरकं बसतं आणि फेरूल (मेन लाइनीतून जोडणी काढायचा तुकडा) लावल्यावर बारीक पाझर राहतो. तो पाझर त्या दिवशी दिसत नाही, मातीत मुरतो. म्हणून माती लोटायच्या आधी व्हॉल्व्हमनला सांगून पाणी सोडून बघायचं, त्या दिवशी पाण्याची पाळी नसेल तर खड्डा उघडा ठेवायचा, भोवती बॅरिकेड लावायचं, मालक कुरकुरला तर कुरकुरू द्यायचा. पुढचा निळा पाइप नालीच्या वरून न्यायचा, ओलांडायचाच असेल तर मोठ्या पाइपाच्या स्लीव्हमधून, आणि नालीच्या आत एक पण जॉइंट नको.

रस्ता फोडायची परवानगी आणि त्याचे पैसे वेगळे भरायचे असतेत, हे मालकाला आधीच सांग. नाहीतर तो म्हणतो तुम्ही रेट वाढवला.

तुझ्या गावाकडच्या कामाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा प्लंबर परवाना नसतो, जोडणी ग्रामपंचायत देते. जलजीवन मिशन २०१९ ला आल्यापासून गावोगाव लाइनी पडल्या आणि त्या सांभाळायला ‘नल जल मित्र’ म्हणून गावातलीच माणसं निवडून त्यांना प्लंबिंग, इलेक्ट्रिक, पंपाचं प्रशिक्षण द्यायची योजना आहे. तुझ्या गावच्या ग्रामसेवकाला विचारून ठेव, नाव गेलं असलं तर कळेल. एमआयडीसीच्या हद्दीत, वाळूज, शेंद्रा वगैरे, पाणी एमआयडीसी देते, तिथलं त्यांच्या ऑफिसातून, मनपाचा कागद तिथं धरून चालू नको.

बांधकाम कामगाराचं कार्ड काढलं नसशील तर काढ, वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, वय १८ ते ६० मध्ये पाहिजे. पोरांना शिष्यवृत्ती आणि अपघाताची मदत हे त्यातलं कामाचं, भांड्याच्या पेटीसाठी सगळे रांगेत उभे राहतेत ते वेगळं. पण ते कार्ड म्हणजे लायसन्स नाही, हे पण एकदा सांगतो कारण दोन-चार जणांनी मला कार्डच दाखवलंय. पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे, सुतार आहे, प्लंबर नाही, त्याच्या नादानं सेवा केंद्रात पैसे घालवू नको. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे पण हजार घेणारे आहेत.

म्हणजे तुझ्यापुरता क्रम असा झाला: घरची थकबाकी भरायची, परभणीच्या पाणीपुरवठा विभागातून अटींचा कागद आणायचा, त्यात आयटीआय सक्तीचं आहे का बघायचं. सक्तीचं असेल तर खासगी उमेदवाराची चौकशी, नसेल तर सरळ अनुभवाच्या दाखल्यावर अर्ज. दोन्हीकडं तुझी ती साइटची वही लागणारच. आयटीआय लागलं तरी काम थांबवू नको, तोपर्यंत एखाद्या परवानाधारकाबरोबर भागीदारीत जोडण्या कर, सही त्याची आणि तो स्वतः साइटवर हजर, असा माणूस बघ. परभणीत आहेत असे.

पैशाचं विचारलंस म्हणून. नुसत्या जोडण्यांच्या सहीवर घर चालत नाही, कमाई फिटिंगमध्येच आहे, लायसन्समुळं एवढंच होतं की मालक आतलं काम तुला देतो आणि बाहेरचं पण तूच करतोस, दुसरा माणूस मधी येत नाही. संभाजीनगरला जायकवाडीवरून २,५०० मिलिमीटरची लाइन असलेली नवी योजना आहे, अशा शहरात नव्या वितरण लाइनी पडल्या की जुन्या जोडण्या नव्या लाइनीवर घ्याव्या लागतेत आणि तेव्हा परवानाधारकाला मागणी येते. परभणीत तुझा जम बसला आणि तिकडं खरंच काम निघालं, तर दुसरं लायसन्स तेव्हा काढ.

अटींचा कागद मिळाला की त्यात अनुभवाची जी ओळ असेल ती जशीच्या तशी इथं टाक, ‘परवानाधारक प्लंबरकडील अनुभव’ लिहिलंय का नुसता ‘अनुभव’, त्यावरून दाखला कोणाकडून घ्यायचा ते सांगतो.